परतीची वाट बांधणारा गव्हर्नर

मुंबईत वाढलेल्या माणसाला 'एल्फिन्स्टन' म्हटलं की आधी स्टेशन आठवतं आणि मग कॉलेज. २०१८ साली एल्फिन्स्टन रोड स्टेशनचं प्रभादेवी झालं आणि साहेबाचं नाव लोकलच्या इंडिकेटरवरून गेलं. गंमत म्हणजे ते नाव या लेखातल्या साहेबाचं नव्हतंच! स्टेशनला नाव होतं त्याच्या पुतण्याचं, म्हणजे १८५३ ते १८६० या काळात मुंबईचा गव्हर्नर असलेल्या लॉर्ड जॉन एल्फिन्स्टनचं. कॉलेज मात्र काकाचं. आणि १८४२ मध्ये काबूलहून माघार घेताना ज्याच्या हाताखालची फौज जवळजवळ संपूर्ण नष्ट झाली, तो जनरल एल्फिन्स्टन तिसराच, याच घराण्यातला.

आपला विषय आहे काका. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन, १८१९ ते १८२७ या काळातला मुंबई इलाख्याचा गव्हर्नर. पेशवाई बुडाली म्हटलं की आपला सगळा राग शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण लावणाऱ्या बाळाजीपंत नातूंवर निघतो. पण ज्याने पेशवाई बुडवली आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे बुडवल्यावर काय करायचं ते ठरवलं, त्या माणसाबद्दल आपण फारसं बोलत नाही. परदेशात राहणाऱ्या आपल्यासारख्यांनी तर त्याची ओळख करून घ्यायलाच हवी. का, ते शेवटी सांगतो.

एल्फिन्स्टनचा जन्म १७७९ चा, स्कॉटलंडमधल्या एका सरदार घराण्यातला. पण हा चौथा मुलगा, त्यामुळे घरची गादी मिळण्याची आशा नाही. अशा मुलांसाठी तेव्हा ईस्ट इंडिया कंपनीची नोकरी हा राजमार्ग होता. सोळाव्या वर्षी, १७९६ मध्ये, तो कलकत्त्याला उतरला. आपण त्या वयात दहावीचा निकाल लागून अकरावीच्या ॲडमिशनसाठी रांगेत उभे होतो!

पुढची काही वर्षं सिनेमात शोभावी अशी. १७९९ मध्ये बनारसला पदच्युत नवाब वझीर अलीने इंग्रजांची कत्तल केली, तेव्हा हा घोड्यावर बसून निसटला. १८०१ मध्ये पुण्याच्या रेसिडेंटचा मदतनीस म्हणून नेमणूक झाली. १८०३ मध्ये असईच्या लढाईत तो आर्थर वेलस्लीच्या बाजूला घोड्यावर होता, वय अवघं तेवीस. तो सैनिक नव्हता, पण हा माणूस चुकून मुलकी खात्यात आला, त्याने सैनिक व्हायला हवं होतं, असं वेलस्लीचं मत झालं. हाच वेलस्ली पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन. लंडनकर मंडळींनी एक लक्षात ठेवावं : पाहुणे आले की आपण त्यांना ज्या सेंट पॉल्स कॅथीड्रलमध्ये नेतो, तिथे तळघरात वेलिंग्टनची कबर आहे आणि एल्फिन्स्टनचा पुतळाही तिथेच आहे. जालना जिल्ह्यातल्या एका रणांगणावरचे दोन साहेब एकाच छपराखाली!

त्यानंतर नागपूरकर भोसल्यांच्या दरबारी रेसिडेंट, मग १८०८-०९ मध्ये अफगाणिस्तानच्या शाह शुजाकडे वकील म्हणून मोहीम. त्या प्रवासावरून त्याने अफगाणांवर जाडजूड पुस्तक लिहिलं, ते १८१५ मध्ये छापून आलं. आणि १८११ पासून पुन्हा पुणे, आता स्वतः रेसिडेंट म्हणून.

पुण्यातली सहा वर्षं म्हणजे बुद्धिबळाचा डाव होता. समोर दुसरा बाजीराव आणि त्याचा लाडका त्र्यंबकजी डेंगळे. जुलै १८१५ मध्ये गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री यांचा पंढरपुरात खून झाला. ते इंग्रजांच्या हमीवर आले होते. एल्फिन्स्टनने त्र्यंबकजीला पकडून ठाण्याच्या किल्ल्यात ठेवलं, तो १८१६ मध्ये तिथून निसटला. मग जून १८१७ च्या तहाने एल्फिन्स्टनने पेशव्याकडून मुलूख घेतलाच, शिवाय बाकीच्या मराठा सरदारांवरचा हक्कही सोडायला लावला. पेशवाईचा जीव खरा तिथेच गेला. ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई झाली. त्याच दिवशी संगमावरची रेसिडेन्सी जळाली आणि तिच्यात एल्फिन्स्टनची सगळी पुस्तकं आणि कागद खाक झाले. पण लढाई इंग्रजांनी जिंकली. बारा दिवसांनी पुणं त्यांच्या हातात आलं.

आता खरा मुद्दा. लढाई जिंकणारे साहेब पुष्कळ झाले. एल्फिन्स्टनचं वेगळेपण त्यानंतर दिसतं. तेव्हा त्याचं वय होतं अडतीस, म्हणजे साधारण माझ्याच पिढीचा म्हणायला हरकत नाही.

माझा धंदा आयटी कन्सल्टिंगचा. एक कंपनी दुसरी विकत घेते, तेव्हा दोन्हींच्या सिस्टीम्स एकत्र करायला आमच्यासारख्यांना बोलावतात. एका ठिकाणी मी पाहिलं, नव्या मालकांनी मोठ्या उत्साहात जुनी सिस्टीम पहिल्याच महिन्यात बंद केली आणि मग कुठल्या गिऱ्हाइकाला काय कबूल केलं होतं तेच कुणाला सांगता येईना. शहाणा माणूस आधी जुन्या सिस्टीमचं डॉक्युमेंटेशन करतो. एल्फिन्स्टनने नेमकं तेच केलं. त्याच्याकडे पेशव्यांचा सगळा मुलूख आला होता. त्याने ग्रँट डफ, चॅप्लिन, पॉटिंजर, ब्रिग्ज, रॉबर्टसन या अधिकाऱ्यांना जागोजागी बसवून माहिती गोळा केली : पाटील काय करतो, कुलकर्णी काय लिहितो, बलुतेदारांना काय मिळतं, पंचायत निवाडा कसा करते, सारा कसा ठरतो. त्यावरून १८१९ मध्ये त्याने पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाचा अहवाल लिहिला. त्यात तो म्हणतो की इथलं गाव म्हणजे छोटं राज्यच आहे, वरचं सगळं सरकार उठून गेलं तरी ते आपल्या माणसांचं बऱ्यापैकी रक्षण करील. आणि त्याने दिलेल्या सूचना? साऱ्याची मक्तेदारी बंद करा, प्रत्यक्ष लागवडीप्रमाणे सारा घ्या, तो हलका ठेवा, नवे कर बसवू नका, आणि मुख्य म्हणजे नव्या नव्या सुधारणांच्या मागे लागू नका. थोडक्यात, चालू सिस्टीमला हात लावू नका!

म्हणून हा भला माणूस होता का? थांबा. त्याच सुमारास पुणे-साताऱ्याकडे इंग्रजांना मारण्याचा कट उघडकीला आला, तेव्हा त्याने म्होरक्यांना तोफेच्या तोंडी दिलं. मुंबईच्या तेव्हाच्या गव्हर्नरने सुचवलं की यासाठी कायदेशीर संरक्षण मागून घ्यावं. हा म्हणाला, मी चूक केली असेल तर मला शिक्षा व्हावी, बरोबर केलं असेल तर संरक्षण कशाला? माणूस स्वतःशी प्रामाणिक होता, पण तोफ ती तोफच. चालू सिस्टीम जपायची ती रयतेच्या प्रेमापोटी असं नाही. लोक बिथरले नाहीत तर राज्य टिकेल, हा त्यातला हिशोब होता.

आणि ती सिस्टीम टिकली का? नाही. पंचायतीमागे पूर्वी सरकारचा आणि गावाचा वचक होता. शेजारी इंग्रजी कोर्ट उघडल्यावर ज्याची बाजू लंगडी तो सरळ कोर्टात जाऊ लागला. १८२७ मध्ये एल्फिन्स्टनच्याच नावाने ओळखला जाणारा कायद्यांचा संग्रह आला आणि पंचायत मागे पडली. त्याच्यामागून प्रिंगलने पुणे जिल्ह्यात सारा ठरवला तो इतका जड, की १८३५ पासून गोल्डस्मिड आणि विन्गेट यांना इंदापुरापासून पुन्हा मोजणी सुरू करावी लागली. जी इनामं चालू ठेवू असं १८१८ च्या साताऱ्याच्या जाहीरनाम्यात सांगितलं, ती १८५२ च्या इनाम कमिशनने तपासून कित्येकांची काढून घेतली. आणि कोर्टातल्या सावकारी हुकूमनाम्यांखाली पिचलेल्या शेतकऱ्यांनी १८७५ मध्ये सुप्याला सावकारांची कागदपत्रं जाळली. साहेबाने लिहिलेलं मॅन्युअल कपाटात राहिलं, पुढच्या टीमने आपल्याला हवं ते केलं.

पण त्याची एक गोष्ट मात्र टिकली, ती म्हणजे शाळा. पेशवे श्रावणात ब्राह्मणांना दक्षिणा वाटत. ती एकदम बंद केली तर बोभाटा होईल, म्हणून त्यातला काही पैसा वळवून १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली. पुढे तिचंच डेक्कन कॉलेज झालं. मुंबईत शाळा आणि मराठी-गुजराती क्रमिक पुस्तकं काढणाऱ्या मंडळींना त्याने सरकारी पाठबळ दिलं. एक गोष्ट प्रसिद्ध आहे. त्याच्या तंबूत छापील मराठी पुस्तकांचा ढीग पाहून ब्रिग्जने विचारलं, हे कशाला? एल्फिन्स्टनने सांगितलं, इथल्या लोकांना शिकवायला, आणि हाच आपला युरोपला परत जायचा हमरस्ता. मग गव्हर्नर असून तुम्ही हे का चालवता, असं ब्रिग्जने विचारल्यावर उत्तर आलं की काही झालं तरी ते आपलं कर्तव्य आहे.

१८२७ मध्ये तो निघाला, तेव्हा लोकांनी दोन लाखांहून जास्त रुपये जमवून त्याच्या नावाने इंग्रजी आणि शास्त्रं शिकवणाऱ्या प्राध्यापकांची सोय केली. त्यातून एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूट आणि पुढे कॉलेज उभं राहिलं. १८३२ मध्ये 'दर्पण' काढणारे बाळशास्त्री जांभेकर तिथे शिकवत. न्यायमूर्ती रानडे तिथेच शिकले आणि तिथेच शिकवलं. दादाभाई नौरोजी तिथले विद्यार्थी आणि मग गणिताचे प्राध्यापक. ते १८५५ मध्ये लंडनला आले, १८९२ मध्ये फिन्सबरी सेंट्रलमधून पार्लमेंटमध्ये निवडून गेले आणि हिंदुस्तानची संपत्ती इंग्लंडला कशी वाहून जाते, ते आकडे मांडून सांगितलं. एल्फिन्स्टनच्या हमरस्त्यावरून आधी आपलाच माणूस त्यांच्या घरी पोचला!

इथे लेख संपवला असता तर बरं वाटलं असतं. पण त्या रस्त्याला एक फाटक होतं. शिक्षणावरच्या टिपणात एल्फिन्स्टनने लिहून ठेवलंय की मिशनऱ्यांच्या मते अगदी खालच्या मानलेल्या जातींतली मुलं उत्तम विद्यार्थी असतात. म्हणजे त्याला हे माहीत होतं! तरीही त्याने इशारा दिला की शिक्षण आधी त्यांच्यात रुजलं तर वरच्या जाती त्याच्याकडे फिरकणार नाहीत आणि ते पुढे पसरणारच नाही. पुन्हा तोच सावधपणा, बिथरवू नका. या सावधपणाची किंमत कोणी दिली? १८४८ मध्ये पुण्यात भिडेवाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली, ती सरकारची वाट न बघता. १८८२ मध्ये हंटर कमिशनपुढे जोतीरावांनी सांगितलं की सारा भरतात शेतकरी आणि तो पैसा खर्च होतो वरच्या वर्गाच्या शिक्षणावर. १९२८ मध्ये सायमन कमिशनला दिलेल्या निवेदनात डॉ. आंबेडकरांनी एल्फिन्स्टनचं तेच टिपण पुढे ठेवलं. आणि हे आंबेडकर कुठे शिकले? एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये, जिथे त्यांना संस्कृत घेऊ दिलं नाही म्हणून फारसी घ्यावी लागली, आणि मग एल्फिन्स्टन कॉलेजात. तिथून १९१२ मध्ये ते बी.ए. झाले. टिपण लिहिल्यापासून जवळजवळ नव्वद वर्षांनी.

एल्फिन्स्टन परत हिंदुस्तानात गेला नाही. गव्हर्नर जनरलचं पद दोनदा नाकारलं, १८४१ मध्ये हिंदुस्तानचा इतिहास लिहिला आणि १८५९ मध्ये सरेमधल्या लिम्प्सफील्ड गावी वारला. लग्न केलं नाही. शेवटपर्यंत पुस्तकांतच रमला.

आता सुरुवातीला दिलेल्या शब्दाचं. आपण इथे आलो ते इंग्रजी आणि शास्त्रं शिकल्याच्या जोरावर. म्हणजे त्याच हमरस्त्याने, फक्त बोटीऐवजी विमानाने. माझ्या आधीच्या चार पिढ्यांना शाळेचं दार उघडं होतं, म्हणून मी हीथ्रोला उतरू शकलो. माझी हुशारी त्यात आहेच, पण ती नंतरची. ज्यांनी त्या रस्त्याचा टोल भरला आणि ज्यांना शंभरेक वर्षं फाटकाबाहेर ठेवलं, त्यांच्याही घरात हुशार मुलं होतीच, आणि हे साहेबाला लेखी माहीत होतं. आपल्या मुलांना एल्फिन्स्टनची गोष्ट सांगताना खडकीची लढाई सांगा, तंबूतला पुस्तकांचा ढीगही सांगा. आणि मग त्या टिपणाचंही सांगा. त्यावर मुलं जे विचारतील त्याचं उत्तर त्यांना आपल्याकडूनच मिळायला हवं.