तीस सेकंदांची कसोटी

सायकल शर्यतीचा शेवट तुम्ही टीव्हीवर पाहिला असेल. तासन्‌तास एका लयीत चाललेले सायकलपटू शेवटच्या काही सेकंदांत जीव तोडून पॅडल मारतात. तेव्हा श्वासातला ऑक्सिजन पुरा पडत नाही. स्नायू स्वतःजवळचा ऊर्जेचा साठा वापरतात. ही ताकद मोजायची कशी?

१९६६ मध्ये इटलीचे रोडोल्फो मार्गारिया यांनी माणसांना धावत जिना चढायला लावून ती मोजली. पण ज्याला जिना चढताच येत नाही, त्याचे काय?

१९७० च्या दशकात इस्रायलमधील विंगेट इन्स्टिट्यूटमध्ये डॉ. ओडेड बार-ओर आणि सहकाऱ्यांनी लहान मुलांना व अपंगांनाही जमेल अशी चाचणी तयार केली. जागेवरची सायकल, शरीराच्या दर किलो वजनामागे चाकावर ७५ ग्रॅम भार आणि ३० सेकंद पूर्ण जोर. पाय अधू असतील तर पॅडल हातांनी फिरवायचे. सर्वांत जोरदार पाच सेकंदांवरून कमाल ताकद कळते, तर तिसाही सेकंदांच्या सरासरीवरून ती किती टिकते ते कळते.

आज हीच ‘विंगेट चाचणी’ सायकलपटूंसाठी जगभर वापरतात. खेळाडूंना भार अधिक लावतात.

मात्र व्यायामशाळेतल्या सायकलवर ती स्वतःहून करून पाहू नका. चाचणीनंतर धडधाकट खेळाडूंनाही मळमळ आणि चक्कर येते. हृदयविकार किंवा रक्तदाबाचा त्रास असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.