दुधाचा चिलर आणि दारूची भट्टी
छोट्या डिस्टिलरीच्या परवान्यावरून सगळे भांडतात, पाण्यावर कुणी बोलत नाही. धान्याचा मॅश साधारण ६५ अंशांवरून विशी-पंचविशीत आणावा लागतो. गरमच राहिला तर यीस्ट मरतं, रेंगाळला तर आंबतो. स्कॉटलंडच्या चिमुकल्या एड्राडोरमध्ये अजून मॉर्टन पद्धतीचा उघडा कूलर आहे. बाकी बहुतेक प्लेट चिलरकडे गेले. तो रिचर्ड सेलिगमननी १९२३ साली दुधासाठी काढला. आपल्या डेअरीत असतो तोच! पण त्यात गाळलेला रसच चालतो. ज्वारीचा कोंड्यासकट लगदा सोडलात तर प्लेटा चोंदल्याच. तिथं मी नळीत नळीवालाच घेईन, जागा खातो खरा. आणि तापून निघालेलं पाणी गटारात की पुढच्या घाण्याला? परवाना देताना साहेबांनी हे आधी विचारावं.