कोपरा कुठे धरला?

फोन घेताना किंमत आणि बॅटरी एवढंच बघायचं ठरवलं, तरी घोळ होतो. स्वस्त फोनची बॅटरी दुपारीच मान टाकते, टिकाऊ बॅटरीवाला खिशाला झेपत नाही. दुसऱ्यापेक्षा महागही आणि लवकर उतरणाराही, असा फोन सरळ बाद. उरतात ते सगळे आपापल्या जागी बरोबर. अशा उरलेल्यांच्या रांगेला इटालियन अर्थतज्ज्ञ विल्फ्रेदो पारेतोचं नाव आहे : पारेतो फ्रंट. पारेतो मुळात शिकलेला इंजिनिअर, म्हणजे आमच्यापैकीच.

१९८५ साली डेव्हिड शॅफर यांनी ही रांग शोधायला उत्क्रांतीसारखा चालणारा अल्गोरिदम वापरला. पुढच्या दशकात अशा अल्गोरिदमचं पीकच आलं. आयआयटी कानपूरमध्ये श्रीनिवास आणि कल्याणमय देब यांनी रचलेला 'एनएसजीए' त्यातलाच. पण प्रत्येक अल्गोरिदम एक उत्तर न देता उत्तरांचा अख्खा संच देतो. मग दोन संचांतला सरस कुठला? बरेचदा दोन आलेख शेजारी ठेवून नजरेनेच ठरवलं जाई.

मग मोजपट्ट्या आल्या. एक मोजपट्टी खऱ्या फ्रंटपासूनचं सरासरी अंतर मोजते. तिची गंमत अशी, की संचात एकच बिंदू असेल आणि तो नेमका फ्रंटवर बसला असेल, तर त्याला पैकीच्या पैकी! १९९८ मध्ये झिट्झलर आणि थीले यांनी दुसरी वाट काढली. आलेखावर एक वाईट कोपरा धरायचा, तिथपासून प्रत्येक उत्तरापर्यंत आयत काढायचा आणि सगळ्यांनी मिळून व्यापलेली जागा मोजायची. हे हायपरव्हॉल्यूम. एखादा संच खरोखर सरस असेल, तर त्याचा आकडा मोठा येतोच.

उलट मात्र खरं नाही. २००३ मध्ये याच दोघांनी तीन सहकाऱ्यांसह सिद्ध केलं, की प्रत्येक संचाला स्वतंत्र गुण देणाऱ्या कितीही मोजपट्ट्या एकत्र केल्या, तरी 'अ हा ब पेक्षा सरस' असं सर्वसाधारणपणे खात्रीने सांगता येत नाही. मोठं हायपरव्हॉल्यूम एवढीच हमी देतं, की समोरचा संच याच्यापेक्षा सरस नाही.

तरी पुढच्याच वर्षांत हे आकडे अल्गोरिदमच्या आत शिरले. कोण जगणार, कोण बाद, हे परीक्षेचे गुणच ठरवू लागले. २००९ मध्ये दिसलं, की दोन उद्दिष्टं आणि पुष्कळ उत्तरं असतील, तर हायपरव्हॉल्यूम ती कुठे दाट पेरेल हे फ्रंटच्या उतारावर ठरतं. तुम्हाला कुठली हवी होती, हे त्याने विचारलेलंच नसतं.

दर वर्षी माझंही काम एका रेटिंगमध्ये मावतं. त्या आकड्याला मी खोटा म्हणत नाही. फक्त आता विचारतो : कोपरा कुठे धरला होता, आणि कोणी?