कापूस आणि कपॅसिटर

परभणी जिल्ह्यात मानवत किंवा सेलूच्या बाजारात ज्याने कापूस विकलाय, त्याला चिप्सची टंचाई वेगळी समजावून सांगायला नको. कशी, ते बघू.

सुरुवात जपानपासून. जुलै १९९३ मध्ये नीहामाला सुमितोमो केमिकलच्या कारखान्यात स्फोट झाला. चिपच्या कवचासाठी लागणारं इपॉक्सी रेझिन जगात निम्म्याहून जास्त तिथूनच जायचं. मेमरीचे भाव काही आठवड्यांत दुपटीच्या घरात! गंमत म्हणजे साठा शिल्लक होता, दुसरे कारखानेही होते. टंचाईपेक्षा तिची भीतीच महाग पडली.

मग २००० साल. मोबाइल-इंटरनेटची लाट. कपॅसिटर मिळेनात, म्हणून कंपन्यांनी एकाच मालाची ऑर्डर दोन-तीन ठिकाणी टाकली. जो आधी देईल त्याचा घ्यायचा, बाकीच्या रद्द. कारखान्यांना वाटलं, मागणीच तिप्पट झाली! कपॅसिटरला लागणारा टँटलम धातू कित्येक पटींनी महागला. २००१ मध्ये लाट ओसरली, भाव आपटला, आणि सिस्कोला २.२ अब्ज डॉलरच्या आसपासचा माल हिशेबातून काढावा लागला.

२०२१ मध्ये तसंच काहीसं. कोविडमध्ये गाडीवाल्यांनी ऑर्डरी कापल्या, ती जागा लॅपटॉपवाल्यांनी घेतली. गाड्यांची मागणी परतली तेव्हा चिप्स नव्हत्या. महिंद्राने सप्टेंबरात ७ दिवस उत्पादन बंद ठेवायचं जाहीर केलं. नवा चिप कारखाना उभारायला दोन-तीन वर्षं जातात, तोवर बाजार बदललेला असतो. २०२३ मध्ये मेमरी मातीमोल झाली, २०२५ च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरांपायी पुन्हा भडकली.

आता कापूस. २०२१-२२ च्या हंगामात तो क्विंटलला १०,००० रुपयांच्या वर गेला. पुढच्या वर्षीही चढेल म्हणून अनेकांनी विकलाच नाही, घरात भरून ठेवला. २०२३ च्या उन्हाळ्यात भाव ८,००० च्या खाली, आणि पेरणी तोंडावर आल्यावर सगळ्यांचा माल एकदम बाजारात!

म्हणजे गणित तेच. कालचा भाव बघून आज ठरवायचं आणि फळ उद्याच्या भावात घ्यायचं. फरक तोटा सोसण्यात आहे. सिस्कोने तो ताळेबंदात एका ओळीत मांडला आणि कंपनी टिकली. शेतकऱ्याच्या वहीत अशी ओळ नसते. जूनमध्ये बी-बियाणं घ्यायचं असतं, जुनं कर्ज फेडायचं असतं. भाव काहीही असो, विकावंच लागतं.

रॅम महागली तर आपण नवा लॅपटॉप सहा महिने पुढे ढकलू. पेरणी कुठे ढकलणार?