दूरस्थ संगणकावरील ज्युपिटर नोटबुक : सुरक्षित प्रवेशाची रीत

ज्युपिटर नोटबुक म्हणजे प्रोग्रॅमचा मजकूर, त्याचे उत्तर, आलेख आणि टिपणे एकाच पानावर ठेवणारी वही. फर्नांडो पेरेझ यांनी २००१ साली आरंभिलेल्या आयपायथनमधून हा प्रकल्प २०१४ मध्ये वेगळा झाला. वही ब्राउझरमध्ये दिसते. आकडेमोड मात्र 'कर्नल' या स्वतंत्र प्रक्रियेत होते. त्यामुळे कर्नल कार्यालयातील शक्तिमान संगणकावर आणि पान सुट्टीत पुण्याला नेलेल्या लॅपटॉपवर, अशी विभागणी सहज साधते.

ज्युपिटरचा सर्व्हर मुळात केवळ स्वतःच्या संगणकावरून, म्हणजे 'लोकलहोस्ट'वरून, आलेली विनंती स्वीकारतो. त्याचे नेहमीचे पोर्ट ८८८८. या मर्यादेला कंटाळून काहीजण सर्व्हर सर्व पत्त्यांवर खुला करतात आणि टोकनची 'कटकट'ही बंद करतात. काम तत्काळ होते, हेच त्यातील संकट. नोटबुकमधून कोणतीही आज्ञा चालवता येते, टर्मिनलही उघडता येते. ज्याच्या हाती वही लागली त्याच्या हाती त्या खात्यातील प्रत्येक फाइल लागली.

योग्य मार्ग एसएसएच बोगद्याचा. हेलसिंकी येथील तातू युलोनेन यांनी १९९५ मध्ये, विद्यापीठाच्या नेटवर्कवर पासवर्डचोरी झाल्यानंतर, ही प्रणाली रचली. प्रथम दूरच्या संगणकावर एसएसएचने शिरून, ब्राउझर न उघडण्याची सूचना देऊन ज्युपिटर सुरू करावे. पडद्यावर उमटलेले पोर्ट नीट वाचावे : सामायिक यंत्रावर ८८८८ दुसऱ्या कोणी व्यापलेले असल्यास ज्युपिटर निमूटपणे पुढचे पोर्ट घेते. मग लॅपटॉपवरून दुसरी एसएसएच आज्ञा द्यावी. तिच्यात वजा चिन्ह व मोठा 'एल' यांपुढे लॅपटॉपवरील पोर्ट, 'लोकलहोस्ट' आणि दूरचे पोर्ट ही तीन पदे अपूर्णविरामांनी जोडावीत. शेवटी खाते व यंत्राचे नाव. येथील 'लोकलहोस्ट' दूरच्या यंत्राच्या दृष्टीने आहे, आपल्या नव्हे. नवख्यांचा घोटाळा हमखास इथेच होतो. त्यानंतर लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट आणि आपण निवडलेले पोर्ट लिहून टोकन द्यावे. पासवर्डऐवजी एसएसएच किल्ली वापरणे केव्हाही श्रेयस्कर.

जोडणी तुटली की साध्या टर्मिनलमध्ये सुरू केलेला सर्व्हरही बहुधा संपतो. म्हणून तो टीमक्समध्ये चालवावा. तरीही ब्राउझर बंद असताना आलेली उत्तरे पानावर उमटतीलच असे नाही. दीर्घ गणनेचे निष्कर्ष फाइलमध्ये लिहावेत.

यंत्र घरचे असेल तर निराळी अडचण संभवते. अनेक इंटरनेट कंपन्या एकच सार्वजनिक पत्ता कित्येक ग्राहकांत वाटतात, आणि बाहेरून आलेली हाक घरापर्यंत पोहोचतच नाही. अशा वेळी वायरगार्डवर आधारित टेलस्केलसारखे खासगी जाळे उपयोगी पडते. कार्यालयीन यंत्राबाबत मात्र संस्थेचे व्हीपीएनच वापरावे, आणि परदेशातून जोडणी करण्यास अनुमती आहे का, हे विमानात बसण्यापूर्वी लेखी विचारून घ्यावे. निघताना यंत्राची झोपी जाण्याची सेटिंगही बंद करावी. निद्रिस्त संगणकाला कोणताही बोगदा जागे करीत नाही.