सध्या काय वाचताय?

आमच्या पनवेलच्या वाचनगटात एक दोनशेपानी वही फिरते. हातात असलेल्या पुस्तकाचं नाव प्रत्येकीने त्या वहीत लिहायचं, शेजारी मनात येईल ते चार ओळींत. आवडलं, कंटाळा आला, अर्धवट सोडलं, काहीही चालतं. ही वही चाळताना एकदा आमच्यात बोलणं निघालं, की बाईला ‘काय वाचतेस?’ असं कौतुकाने विचारायला आपल्याकडे सुरुवात कधी झाली असेल? कारण हा प्रश्न दटावून विचारण्याची पद्धत फार जुनी आहे.

आमच्या पणज्यांच्या काळी तो विचारायची गरजच नव्हती. चातुर्मास लागला की देवळात नाहीतर कुणाच्या ओटीवर पोथी लागायची. श्रीधरस्वामींचे ‘हरिविजय’, ‘पांडवप्रताप’, ‘शिवलीलामृत’ हे ग्रंथ अठराव्या शतकाच्या सुरुवातीचे, पण दीड-दोनशे वर्षं गावोगाव तेच ऐकले गेले. वाचायचे पुराणिकबुवा, बायका वाती वळत ऐकायच्या. सगळ्या आळीचं पुस्तक एकच. पोथीला आम्ही नावं ठेवणार नाही. अक्षर न ओळखणाऱ्या बायकांना त्यातल्या ओव्या पाठ असायच्या आणि कुंतीने असं करायला हवं होतं की नको, यावर विहिरीच्या काठी वादही व्हायचे. मात्र ऐकायचं काय, हे ठरवणं त्यांच्या हातात नव्हतं.

स्वतः वाचण्याची गोष्ट वेगळी. बाईने लिहिलेल्या अक्षरांच्या अळ्या होतात आणि त्या नवऱ्याच्या ताटात पडतात, असं तेव्हा खरोखर सांगितलं जायचं. ऐकून हसू येतं, पण ज्या मुलीला हे आठव्या वर्षी सांगितलं जाई, तिला हसू येत नसणार.

त्याच काळात पुरुषांसाठी वाचनालयं उघडत होती. रत्नागिरीला 1828 मध्ये, नाशिकला 1840 मध्ये, पुण्याला 1848 मध्ये. आपलं पनवेल तेव्हा भरभराटीचं बंदर. मुंबईहून पुण्याला जायचं तर मचव्याने इथं उतरायचं आणि 1830 मध्ये खुल्या झालेल्या बोरघाटाच्या रस्त्याने पुढे जायचं. माणसं, माल, टपाल सगळं पनवेलवरून जाई. 1852 मध्ये इथे नगरपालिकाही झाली. मुंबईच्या छापखान्यांतली कोरी पुस्तकंही याच वाटेने घाट चढली असणार. इथल्या वाड्यांतल्या बायकांनी त्यांतली किती उघडून पाहिली असतील, याचा अंदाज तुम्हीच करा.

आता एका बाईची गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण आमच्या मते आपल्या वहीची खरी सुरुवात तिच्यापाशी होते. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे. 1881 मध्ये सुरतेला विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला बाळ मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली आणि वर्तमानपत्रं समस्त बायकांच्या नीतीवर घसरली. त्या संतापातून ताराबाईंनी ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिलं. ते 1882 मध्ये पुण्यात छापलं गेलं. या पुस्तकाबद्दल आपण ऐकलेलं असतं ते पुरुषांना विचारलेल्या जाबाबद्दल. आमचं लक्ष दुसरीकडे गेलं. ताराबाईंनी त्यात आपण वाचलेल्या कादंबऱ्या-नाटकांचीही झडती घेतली आहे. ‘मुक्तामाला’, ‘मंजुघोषा’, ‘मनोरमा’ ही त्या वेळची गाजलेली नावं. त्यात बायका जशा रंगवल्यात तशा कुठे असतात, असं त्या लेखकांना विचारतात. एका मराठी बाईने, मी हे वाचलं आणि मला ते असं वाटलं, हे छापील अक्षरांत सांगितलं.

पुढे काय झालं? टीकेचा भडिमार झाला. जोतीराव फुले यांनी 1885 च्या ‘सत्सार’मध्ये त्यांची बाजू घेतली. पण ताराबाईंचं दुसरं पुस्तक आलं नाही आणि हेही विस्मरणात गेलं. स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापलं 1975 मध्ये, म्हणजे त्र्याण्णव वर्षांनी. एका वाचक बाईचं मत आपल्यापर्यंत पोचायला एवढा वेळ लागला.

ज्यांना घरातून पाठबळ होतं त्यांचंही सोपं नव्हतं. रमाबाई रानडे यांचं लग्न 1873 मध्ये झालं आणि न्यायमूर्तींनी लगेच त्यांना शिकवायला घेतलं. घरातल्या वडीलधाऱ्या बायकांचा रोष मात्र दिवसभर सोसावा लागे तो रमाबाईंना. 1910 च्या त्यांच्या आठवणींत हे सगळं आलं आहे. एका घरात दोन मतं असली की मधे कोण भरडतं, हे तुम्हाला सांगायला नको. काशीबाई कानिटकर नवव्या वर्षी सासरी आल्या, बऱ्याचशा स्वतःच्या जिद्दीवर वाचायला शिकल्या आणि पुढे कादंबरीकार झाल्या. हरि नारायण आपटे आपलं लेखन त्यांना वाचून दाखवत आणि त्यांचं मत विचारत. ‘काय वाचता, कसं वाटलं?’ हा प्रश्न आदराने विचारला गेल्याचं हे एक लवकरचं उदाहरण.

पुढे मासिकं आली. 1895 चं ‘मनोरंजन’, 1930 चं किर्लोस्करांचं ‘स्त्री’. एक अंक दहा घरं फिरायचा आणि परत येईपर्यंत मुखपृष्ठ गेलेलं असायचं. वाचनालयाची वर्गणीही घरात आली, पण आमच्यापैकी बहुतेकींच्या माहेरी ती वडिलांच्या नावावर. पुस्तक बदलायला जायचा धाकटा भाऊ आणि आई त्याला स्वयंपाकघरातून सांगायची, “जाड बघून आण रे, आठवडा निघाला पाहिजे.” लेखकाचं नाव सांगायची सोय नव्हती, कारण काय निवडायचं ते कपाटासमोर उभा असलेला ठरवणार. आज आम्ही आमच्या के. गो. लिमये वाचनालयातून पुस्तकं आणतो ती आमच्या नावावर. एवढ्याशा कार्डाचं आम्हाला अप्रूप वाटतं ते यामुळे.

आणि ज्यांना वाचनालयाचा उंबरठाच परका होता, त्यांचं काय? फलटणच्या बेबी कांबळे किराणा दुकान चालवायच्या. माल बांधायला रद्दी येई, त्यातले वर्तमानपत्रांचे कागद पुडी बांधण्याआधी त्या वाचून काढत. तिथूनच लिहू लागल्या. नवऱ्याला, मुलाला कळू नये म्हणून वह्या दुकानातच दडवून ठेवल्या, थोडीथोडकी नाही, वीसेक वर्षं. मग ते लेखन ‘स्त्री’ मासिकात क्रमशः आलं आणि 1986 मध्ये ‘जिणं आमुचं’ हे पुस्तक झालं. आमच्या गटात हे पुस्तक वाचलं तेव्हा दलित वस्तीत वाढलेल्या आमच्या एका मैत्रिणीने वहीत चार ओळींऐवजी चार पानं लिहिली. दुसऱ्या एकीने लिहिलं, “हे आमच्याच गावात चालू होतं आणि आम्हाला दिसलं नाही.” त्या दिवशी चहा गार झाला. पुस्तकावर बोलणं म्हणजे नुसतं ‘छान आहे हं’ म्हणणं नसतं, हे तेव्हा कळलं.

पनवेलला एक सोय मात्र देवाने दिली आहे. लोकल इथूनच सुटते! बायकांच्या डब्यात बसायला जागा मिळते आणि सीएसएमटीपर्यंत सव्वा तासाच्या वर वेळ हाताशी असतो. पूर्वी त्या डब्यात पुस्तकं दिसायची, अनोळखी बाईच्या मांडीवरचं नाव मान तिरकी करून वाचायची मजा असायची. आता मोबाईलच्या पडद्यावर कोण काय वाचतंय ते कळत नाही. वाचन कमी झालं असं आम्ही म्हणत नाही. विचारल्याशिवाय कळत नाही, एवढंच. म्हणून आमच्यातल्या दोघी-तिघी हल्ली सरळ विचारतात. बहुतेक वेळा उत्तर येतं, “छे हो, मी कुठे काय वाचते!” आणि खांदेश्वर जाईपर्यंत तीन नावं बाहेर पडतात.

या महिन्यात वहीत काय काय आहे तेही सांगतो. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’, तिसऱ्यांदा. उर्मिला पवारांचं ‘आयदान’. गोडसे भटजींचा ‘माझा प्रवास’, कारण भटजी शेजारच्या पेण तालुक्यातल्या वरसईचे आणि वाचणारीचं माहेरही त्याच बाजूला. एकीने ‘पाककृतींचं पुस्तक, पण गोष्टीसारखं वाचते’ असं लिहिलंय. शेवटची नोंद साठी ओलांडून अक्षरं शिकलेल्या मावशींची आहे. मोठ्या, वाकड्या अक्षरांत लिहिलंय: ‘नातीचं दुसरीचं बालभारती. धडा चौथा. पुढचा उद्या.’