प्रदक्षिणेची दिशा

मनुष्य कोणत्या बाजूस वळावयाचें हें विचार करून ठरवितो, असा आपला समज आहे. परंतु बहुधा पाय आधीं वळतात आणि मनास त्याची वार्ताही नसते. गंगाखेडच्या गोदातीरावरील कोणत्याही देवळांत पाहावें. पांच वर्षांचें मूलही देव उजव्या हातास ठेवूनच फेरा घालूं लागतें. हें त्यास कोणीं शिकविलें, असें विचारल्यास घरांतील वडील माणसांसही सांगतां येणार नाहीं.

ह्या संवयीचें मूळ शब्दांतच सांपडतें. संस्कृतांत ‘दक्षिण’ म्हणजे उजवा, आणि दक्षिण ही दिशाही. कारण दिशा मोजणारा मनुष्य उगवत्या सूर्याकडे तोंड करून उभा राही. पूज्य वस्तु उजवीकडे ठेवून फिरणें ती प्रदक्षिणा. जावा बेटांतील बोरोबुदूर येथील नवव्या शतकांतील शिल्पपटही ह्याच क्रमानें पाहावे लागतात. उलट मक्केस काबेभोवतीं सात फेरे घालणारा यात्रेकरू काबा डाव्या हातास ठेवितो. दोघांसही आपापली दिशाच स्वाभाविक वाटते.

मग शरीरास उपजत अशी कांहीं दिशा आहे काय? यान सूमन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं जर्मनीच्या अरण्यांत व ट्युनिशियाच्या वाळवंटांत माणसांस चालावयास लावून ह्याचा शोध घेतला, आणि १९०९ नव्हे, अगदीं अलीकडे, २००९ सालीं तो प्रसिद्ध केला. सूर्य दिसत असतां माणसें सरळ चालत; तो ढगांआड असला कीं अरण्यांत माणसें नकळत वर्तुळें काढीत. एकच मनुष्य कधीं डावीकडे कले, कधीं उजवीकडे. आपल्या खेडुतांस हा अनुभव नवा नाहीं. रात्रीं काळ्या रानांत वाट चुकलेला मनुष्य फिरून फिरून त्याच बांधावर आला, म्हणजे त्यास ‘चकवा लागला’ असें ते म्हणतात. तात्पर्य, पायांस स्वतःची दिशा नाहीं. ती त्यांस सूर्यापासून, खुणांपासून आणि वडिलांच्या पाठीमागें चालण्यांतून मिळते.

परंतु जी रीत नकळत अंगीं मुरते, तिच्याबरोबर कोणीं कोठें उभें राहावें हेंही नकळत ठरून जातें. औंढा नागनाथ हें क्षेत्र १९९९ च्या १ मेपर्यंत परभणी जिल्ह्यांत होतें. आतां तें हिंगोलींत आहे. तेथील आख्यायिका सर्वश्रुत आहे. नामदेव देवासमोर कीर्तन करीत असतां पुजाऱ्यांनीं त्यांस देवळामागें जाण्यास सांगितलें. ते मुकाट्यानें मागें गेले, आणि देऊळच फिरून त्यांच्या सन्मुख झालें.

ही कथा इतिहास म्हणून कोणी मानो अथवा न मानो. ती रचणाऱ्या समाजाचें मन मात्र तींत स्पष्ट दिसतें. रीतीनें ज्यास मागें लोटलें, त्याच्यासाठीं देवानेंच तोंड फिरवावें, अशी त्या मनाची आस होती. पायांची संवय मोडावयाची गरज नाहीं. प्रदक्षिणा उजवीनेंच चालूं द्यावी. मात्र आपल्या फेऱ्याच्या वाटेवर कोण बाजूस सारला गेला, हें एकदां थांबून पाहण्याची संवय आम्हीं मुलांस लावली पाहिजे. ती आपोआप लागत नाहीं.